एका चौकोनात दोघी

१४ एप्रिल

विहीणबाई,

नमस्कार. तुमचा फोन वाजून वाजून बंद होतो म्हणून कागद घेतला. मुलांच्या ग्रुपवर लिहिलं असतं, पण तिथे सगळे वाचतात, आणि माझ्या बोटांना त्या फोनवर नीट लिहिता येत नाही. परवा "काळजी" लिहायला गेले तर "काजळी" उमटलं आणि जावईबापू दिवसभर हसत होते.

प्रवास कसा झाला? विमानतळावर चाकांची खुर्ची वेळेवर मिळाली ना? पायाखाली उशी द्यायला सांगितलं होतं, दिली का? तुमच्या निळ्या पट्ट्यांच्या चपला इथेच पलंगाखाली राहिल्या. उजवी इतक्यात लागणार नाही हे कळतं, पण डावी तरी लागेल. कोणी येणारं असलं की पाठवते.

आपल्या खोलीत आता मी एकटीच. तुमची बाजू झाडून-पुसून ठेवली आहे. अख्खा पलंग मोकळा, तरी मी आपली भिंतीच्या कडेलाच झोपते. चिमी सकाळी उठली की आधी त्या बाजूला हात फिरवून बघते. "डॉक्टरआजीचा पाय जोडला का?" असं रोज विचारते. मी म्हणते, "जोडला, आता वाळतोय." पाच वर्षांच्या मुलीला याहून वेगळं काय सांगायचं?

त्या दिवसाचं आता काय बोलावं. नातीचा वाढदिवस, एवढ्या हौसेने उड्यांच्या त्या मोठ्या हॉलमध्ये ठेवलेला, आणि व्हायचं ते झालं. मी तुम्हाला म्हटलं होतं, आठवतं ना, की मुलांना उडू दे, आपण दोघी बाकावर बसून बूट-मोजे सांभाळू. तुम्हीच म्हणालात, "आपल्याही तिकिटाचे पैसे भरलेत, मग बसायचं कशाला?" असो. बोलायचं म्हणून बोलत नाही मी. आठवलं इतकंच.

विमा कंपनीच्या बाईचा फोन आला होता, ते तुमच्या कानावर असेलच. तुम्ही ऑपरेशननंतर गुंगीत होतात. जावईबापू केक आणायला खाली गेले होते, माझी लेक पलीकडे पाहुण्या आयांबरोबर होती, म्हणजे प्रत्यक्ष पाहिलेलं मोठं माणूस मी एकटीच. म्हणून फोन माझ्या हातात दिला. बाई गोड आवाजाची, आपल्याच भाषेत बोलणारी. पडल्या कशा म्हणाली. मी आपलं जे दिसलं ते सांगितलं, की तुम्ही छान उडत होतात, मग कोलांटीसारखं काहीतरी करायला गेलात आणि पाय मुडपून खाली आलात. यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. उत्साहाच्या भरात होतं माणसाकडून. मी तिला हेही सांगितलं की आमच्या विहीणबाई वयाच्या मानाने फार चपळ आहेत.

जन्मभर पाळणाघर चालवलं, पण पडलेल्या माणसाचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. तो अजून कानात आहे.

उत्तर नाही पाठवलंत तरी चालेल. पाठवलंत तर बरं वाटेल.

तुमची विहीण


३ मे

विहीणबाई,

नमस्कार. तुमचं उत्तर आलं नाही. आलं नाही ते बरंच, असंही वाटतं.

क्लेम नाकारला हे तुम्हाला तुमच्या मुलाने सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला होता. मुद्दाम ऐकलं नाही. आधी नळ चालू होता, मग बंद केला. भांडी झाली होती म्हणून.

तुम्हाला विमानातलं आठवतं? मी समोरच्या पडद्यावर सिनेमा बघत होते आणि तुम्ही चष्मा चढवून विम्याची पानं वाचत होतात. सगळी. मी म्हटलं, "अहो, हे कोणी वाचतं का?" तुम्ही म्हणालात, "सही करण्याआधी वाचायला हवं होतं, आता निदान उतरण्याआधी तरी वाचते." आणि मला वाचून दाखवलंत. मौजेखातर ट्रॅम्पोलिनवर उडणं चालतं. स्पर्धा, कसरती, कोलांट्या चालत नाहीत. त्या जागेचे नियम पाळले पाहिजेत. नातीचा वाढदिवस तिथे आहे म्हणून तुमच्या मुलाने मुद्दाम विचारून तो विमा घेतला होता. मी म्हटलं, "आपल्याला कुठे मारायच्यात कोलांट्या!" आणि आपण दोघी इतक्या हसलो की पुढच्या माणसाने मान वळवून बघितलं.

विमा कंपनीच्या त्या बाईशी बोलताना हे माझ्या डोक्यात नव्हतं. खरंच नव्हतं. आता कंपनीने माझंच वाक्य उचलून पुढे केलंय, की प्रत्यक्ष पाहणाऱ्या नातेवाईक बाईंच्या सांगण्यानुसार रुग्णाने कोलांटी मारण्याचा प्रयत्न केला, सबब भरपाई देता येत नाही.

तुमचा मुलगा तुमच्यावर चढ्या आवाजात बोलला ते मला आवडलं नाही.

"आई, या वयात कोलांटी?"

"मी नाही मारली रे."

"मग त्या काय खोटं बोलतात?"

  तुम्ही म्हणालात, "त्यांना खोटं कसं म्हणू? मला धड आठवतच नाही. पाय टेकायच्या आत खालून काहीतरी वर आलं, एवढंच आठवतं."

"आई, तिथे खालून काय येणार?"

तुम्ही "बरं" म्हणालात आणि फोन ठेवलात. ते "बरं" मला फार लागलं.

मी विचार केला, माझंच बघणं चुकलं असेल. मी बाकाजवळ होते, हातात चिमीचे मोजे, मध्ये एक जाडजूड खांब होता. खांबाच्या आडून माणसाला काय दिसणार? तुम्ही म्हणत असाल तर मी कंपनीला कळवते की मला नक्की सांगता येत नाही. हॉस्पिटलच्या खर्चाला माझ्याकडून जे होईल ते मी देईनच, लेकीला तसं सांगितलंय.

दवाखान्याला कुलूप आहे असं लेक म्हणाली. दात कोरायचं मशीन उजव्या पायाच्या पेडलवर चालतं हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मग डाव्या पायाने नाही का दाबता येत?" तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी उठून वाळत घातलेले कपडे काढायला गेले. ते अजून ओले होते.

पायाची काळजी घ्या.

तुमची विहीण


११ मे

मागच्या पत्रातला खांब खोटा आहे. तिथे खांब नव्हता. मी बाकाजवळही नव्हते.

या पत्राला मायना घालायला हात धजावला नाही. आता एका दमात लिहिते, नाहीतर पुन्हा कुठेतरी आडोसा शोधीन.

तुम्ही उडत होतात. पाठ ताठ, हात बाजूला, चेहऱ्यावर कॉलेजातल्या मुलीसारखं हसू. इतके दिवस एका खोलीत राहून मी तुमचं तसं हसू पाहिलं नव्हतं. चिमी शेजारच्या ट्रॅम्पोलिनच्या चौकोनात टाळ्या पिटत होती, "डॉक्टरआजी, अजून उंच! अजून!" मी बाकावर होते. मी उठून दोन पावलं पुढे आले तर ती वळून म्हणाली, "गुबूआजी, तू बस. तुला नाही जमणार."

मुलं बोलतात असं. माझा जन्म ते ऐकण्यात गेला. पण त्या दिवशी मला झोंबलं. आल्यापासून तिला न्हाऊ घालत होते मी, भरवत होते मी, गोष्टी सांगून झोपवत होते मी. तुम्ही तिला फक्त दात कसे घासायचे ते शिकवलंत आणि माझ्या चॉकलेटांवर बंदी आणलीत. आणि आता नुसत्या उडालात काय, ती तुमची झाली! हे असं माझ्या मनात आलं. लिहितानाही कानकोंडी होतेय.

चौकोनांच्या मधल्या गादीवरून मी चालत आले. एका चौकोनात एकच माणूस, हे आत जाताना आपल्याला वाचून दाखवलं होतं. लक्ष ठेवणाऱ्या मुलीने शिट्टी वाजवली. ती माझ्यासाठी आहे हे मला कळलं होतं. तुम्ही पाठमोऱ्या होतात, वरून खाली येत होतात. मला तुम्हाला दचकवायचं होतं. चिमीला हसवायचं होतं. पाडायचं नव्हतं हो. पण पाळणाघरात एकाने दुसऱ्याला ढकललं की तोही हेच म्हणायचा, "मावशी, मला पाडायचं नव्हतं."

मी उडी घेतली. माझं वजन तुम्हाला माहीतच आहे. बाथरूमबाहेरच्या काट्यावर मी चढले की तुम्ही सभ्यपणे खिडकीबाहेर बघायचात. तो चौकोन माझ्याखाली खचला आणि तुमच्या पायांखाली उसळला. तुम्ही वाकड्यातिकड्या वर फेकल्या गेलात आणि घोट्यावर आलात.

खालून काहीतरी वर आलं असं तुम्ही म्हणालात ना? तेच होतं ते. तुम्हाला बरोबर आठवतंय.

जावईबापू धावत आले आणि विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "त्या कोलांटी मारायला गेल्या." तो शब्द कुठून आला देव जाणे. तोंडातून बाहेर पडला तेव्हा माझं मलाच नवल वाटलं. मग हॉस्पिटलात तेच सांगितलं, मग लेकीला, मग त्या गोड आवाजाच्या बाईला. प्रत्येक वेळी ती कोलांटी जास्त चांगली दिसायला लागली मला. शेवटी शेवटी तर मी हातवारे करून दाखवत होते. विमानात वाचलेलं तेव्हा आठवत होतं की नव्हतं, हे मी स्वतःला किती वेळा विचारलं. नव्हतं असंच उत्तर येतं. पण माझ्या उत्तरांचं काय घेऊन बसलात?

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे.

क्लेम नाकारल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो. जावईबापू वैतागलेले. "आईला काय अवदसा आठवली!" असं म्हणाले. चिमीने घास खाली ठेवला आणि म्हणाली, "बाबा, गुबूआजीने उडवलं डॉक्टरआजीला. ती तिच्या चौकोनात गेली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी हसले, विहीणबाई. पाळणाघरातला माझा तो मऊ आवाज आहे ना, तो काढला. "नाही गं राणी, तुला तसं वाटलं. आजी तर बाकावर होती ना, तुझे मोजे घेऊन?"

ती म्हणाली, "होतीस?"

मी म्हटलं, "हो तर."

जावईबापूंनी तिला झापलं. "मोठ्यांबद्दल असं रचून सांगायचं नाही. आजीला सॉरी म्हण." ती खुर्चीवरून उतरली, माझ्याजवळ आली, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "सॉरी गुबूआजी, मी खोटं बोलले." आणि मी तिच्या केसांतून हात फिरवला. फिरवतच राहिले.

आज सकाळी तिने दूध संपवलं, पेला ओट्यावर ठेवला आणि मला विचारलं, "आजी, मी आत्ता दूध प्यायले ना? का मला तसं वाटतंय?"

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. मग हे लिहायला बसले.

उद्या दोघांना सांगणार आहे. त्याआधी हे पत्र टाकून येते, म्हणजे मागे फिरायची सोय राहणार नाही. माझा भरवसा मलाच वाटत नाही.

चिमीची आजी


१५ मे

विहीणबाई,

सांगितलं.

जावईबापू शर्टाला इस्त्री करत होते, लेक ओट्याशी होती. मी दारात उभी राहून म्हटलं, "चिमी खरं बोलली होती. मी तुझ्या सासूबाईंच्या चौकोनात उडी मारली. कोलांटी-बिलांटी काही नव्हतं."

लेक म्हणाली, "आई, काहीतरीच काय?"

"काहीतरीच नाही. खरं."

"म्हणजे इतके दिवस तू..." तिने वाक्य सोडून दिलं. तिच्या हातात चमचा होता, तो ती कितीतरी वेळ नुसता पुसत राहिली. जावईबापूंनी इस्त्री बंद केली, वायर गुंडाळली, अगदी नीट. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ते एवढंच म्हणाले, "मी माझ्या आईला काय काय बोललो त्या दिवशी." आणि आत गेले.

चिमीच्या खोलीत जावईबापू जमिनीवर मांडी घालून बसले आणि तिला म्हणाले, "तू खरं बोलली होतीस. बाबा चुकला."

"मग आजी खोटं बोलली?"

"हो."

तिने मान तिरकी करून दारातल्या माझ्याकडे बघितलं. "मग आता आजी सॉरी म्हणणार?"

मी म्हटलं. खाली बसून, तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "तुला तसं वाटलं नव्हतं. तू पाहिलं होतंस. आजीने ते खोटं ठरवलं." ती "ठीक आहे" म्हणाली आणि पुन्हा चित्र रंगवायला लागली. माझ्या मांडीवर मात्र आली नाही. अजूनही येत नाही.

मग कंपनीला फोन लावला. या वेळी वेगळीच बाई होती, आवाज करकरीत.

"आधी तुम्ही कोलांटी म्हणाला होतात."

"खोटं बोलले तेव्हा."

"आणि आता क्लेम नाकारल्यावर वेगळं सांगताय. हे सगळं रेकॉर्ड होतंय, माहीत आहे ना?"

"होऊ द्या."

"तुमचं आणि पेशंटचं नातं काय?"

"विहीण."

पलीकडे थोडा वेळ टाइप केल्याचा आवाज. मग थांबला. "म्हणजे तुम्ही मुलीकडच्या?"

"हो."

"आणि तुम्ही मुलाच्या आईच्या अंगावर उडी मारलीत?"

"अंगावर नाही, चौकोनात. पण हो."

"अहो बाई!" असं तिच्या तोंडून निघून गेलं. मग एकदम खाकरून म्हणाली, "आपली माहिती नोंदवून घेतली आहे. पुन्हा तपासणी होईल. खात्री देता येत नाही."

तिने विचारलं, दुसरं कोणी पाहिलं होतं का? मी शिट्टीवाल्या मुलीचं सांगितलं. नाव माहीत नाही, लाल बनियन घालते, म्हटलं.

लेकीने माझं परतीचं तिकीट अलीकडच्या तारखेचं करून घेतलं आहे. "इथे राहून तूही अवघडशील आणि आम्हीही," म्हणाली. रागाने नाही म्हणाली. माझी बॅग तीच भरते आहे, कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा पुन्हा घालते आहे. आत्ता जाऊन मी तिला म्हटलं, "मी भरते गं." तर म्हणाली, "राहू दे आई, हाताला काहीतरी काम लागतं."

तुमच्या चपला मी माझ्याबरोबर आणते आहे.

चिमीची आजी


६ जुलै

विहीणबाई,

गुरुवारी तुमच्याकडून निघाले ती बसमध्ये काही बोलले नाही, घरी येऊनही काही बोलले नाही. बोलायला आहे तरी कोण, मी आणि भिंती. पण तुमच्यासमोर जे नीट बोलता आलं नाही ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुमचा फोन आला तेव्हा मी पोळपाट धूत होते. नंबर पाहिला आणि ओल्या हाताने तो फोन तीनदा निसटला. तुम्ही नमस्कार म्हणाला नाहीत. "क्लेम मंजूर झाला. तुम्ही गुरुवारी या. दवाखान्यात या, घरी नको," एवढंच म्हणालात. मी चांगली साडी नेसले, मग ती बदलून साधी नेसले. खडे बोल ऐकायला चाललेय, त्याला चांगली साडी कशाला?

जिना चढून आले आणि खुर्ची पाहिली. दातांची ती मोठी खुर्ची प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, वरून सुतळी बांधलेली. एक तरुण डॉक्टर भिंतीला टेप लावून माप घेत होता. तुमची मदतनीस बाई कपाटातून बाटल्या काढून खोक्यात भरत होती. तुमचे भाऊ खिडकीशी उभे. तुम्ही काठी टेकून मधोमध. मला वाटलं, पायामुळे जागा बदलताय. जिना नको म्हणून खाली कुठेतरी जात असाल.

तुम्ही म्हणालात, "बसा. पत्रात मला लिहिलंत ते यांना सांगा. सगळं."

मी सांगितलं. उभी राहूनच सांगितलं, बसवेना. चिमीचंही सांगितलं.  त्या डॉक्टरच्या हातातला टेप खटकन आत गेला.

मग तुम्ही भावाला म्हणालात, "ऐकलंस?"

ते म्हणाले, "ताई, मला काय माहीत? तूच म्हणालीस, काही आठवत नाही म्हणून..."

तेव्हा मला कळलं. तोपर्यंत मी समजत होते की मी तुमचा पाय मोडला आणि पैसे अडकवले. दोन्ही भरून निघण्यासारखं होतं. तुम्ही डोक्याचा स्कॅन करून घेतलात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या आई शेवटी तुम्हालाही ओळखत नव्हत्या, हेही माहीत नव्हतं. तुम्ही अगदी शांतपणे सांगत होतात, पेशंटला दाढ काढावी लागेल असं सांगावं तसं. "कोलांटी चालत नाही हे मी स्वतः वाचलं होतं. तरी मी ती मारली, आणि मारल्याचं मला आठवत नाही. मग उद्या कोणाच्या तोंडात मशीन घातलं आणि काय करत होते तेच विसरले तर? म्हणून मी दवाखाना या डॉक्टरांना द्यायचं ठरवलं."

मी म्हटलं, "पण मी मेमध्येच सगळं लिहिलं होतं. तुम्हाला बरोबर आठवतंय असंही लिहिलं होतं."

तुम्ही म्हणालात, "मिळालं पत्र. मला वाटलं, मुलांनी लिहून घेतलं तुमच्याकडून. क्लेमसाठी, नाहीतर मला बरं वाटावं म्हणून. तुमचीच आधीची दोन पत्रं होती माझ्याकडे. त्यातलं कुठलं खरं धरायचं?"

  त्या लाल बनियनवाल्या मुलीने कंपनीला सांगितलं, की एका चौकोनात दोघी होत्या, मी शिट्टी दिली होती, तेव्हा कुठे तुमचा स्वतःवर विश्वास बसला. ज्या मुलीने तुम्हाला आयुष्यात एकदा पाहिलं तिच्या शब्दाने. माझ्या शब्दाची किंमत मीच शून्य करून ठेवली होती, अगदी खऱ्या शब्दाचीसुद्धा.

तुमची मदतनीस बाई तेव्हा बोलली. माझ्याकडे न बघता, खोक्यात बघत. "बाई मला रोज संध्याकाळी घरी बोलवून विचारायच्या, आज मी काय काय केलं ते सांगते, तू ताडून बघ, काही विसरले का. सकाळच्या चहापासून सांगायच्या. शाळेतल्या पोरीसारख्या उभ्या राहून सांगायच्या." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "उभ्या राहून. तो पाय असा असताना."

विहीणबाई, त्या क्षणी मला चिमी दिसली, दुधाचा पेला हातात घेतलेली. मला जमिनीत जायला जागा हवी होती आणि जमीन आपली टाइल्सची, टणक.

तो तरुण डॉक्टर भला निघाला. टेप खिशात घालत म्हणाला, "मॅडम, माझं काही अडलेलं नाही. मी दुसरी जागा बघतो. तुमचा पाय पूर्ण बरा होईपर्यंत हवं तर दुपारी येऊन बसत जाईन." तुमचे भाऊ खिशातून किल्ल्या काढून सुतळी कापायला लागले. किल्लीने कुठली कापली जाते! मदतनीस बाईने कात्री आणून दिली. प्लॅस्टिक निघालं आणि तुम्ही खुर्चीच्या हाताला हात लावून नुसत्या उभ्या राहिलात. मग उजवा पाय हळूच पुढे सरकवलात, काठीवर भार देऊन, आणि पेडलवर ठेवलात. दाबला नाहीत. वीज बंदच होती. फक्त ठेवलात.

मी तेव्हा मागच्या मागे दाराशी आले होते. माझं तिथलं काम झालं होतं. चपलांची पिशवी बाकावर ठेवली. तुम्ही वळून बघितलंत तेव्हा जे म्हटलं ते फार हळू म्हटलं, सगळ्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही. मला माफ कराल का, असं विचारलं मी. विचारायला नको होतं कदाचित. ज्याच्याकडे मागावं त्याला लगेच काहीतरी द्यावं लागतं, आणि तुमच्याकडून मी आधीच पुष्कळ काढून घेतलेलं.

 तुम्ही म्हणालात, "बघू."

मी "बरं" म्हटलं, पदर सावरला आणि कठडा धरून एक एक पायरी उतरले.

चिमीची आजी